गिरजाबाई आणि मी चिकटवलेला कागद

मी सव्वीस वर्षं बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे कोर्टाचे कागद लोकांच्या दारी पोचवणारा माणूस. पोस्टमनची लोक वाट बघतात, आमची कुणी बघत नाही. मला लांबून येताना पाहून लोक मागच्या दाराने पसार झाले आहेत, ऐन वेळी आजारी पडले आहेत. एकाने तर स्वतःच "तो मागच्याच महिन्यात वारला, मी त्याचा धाकटा भाऊ" असं सांगून मला चहासुद्धा पाजला होता. त्यामुळे समोरचा माणूस किती खोटं बोलणार, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळतं अशी माझी समजूत होती. गिरजाबाईच्या प्रकरणात मात्र खोटं बोलणारा माणूस मीच निघालो.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते तिच्याच दारात. फुलंब्रीच्या रस्त्याला, पण शहराच्या तालुक्यातच मोडणारं एक गाव आहे. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी तिची पावणेदोन एकर जमीन, तीत दोन खोल्या आणि काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. जून महिना होता. माझ्या हातात त्या जमिनीचं कब्जा वॉरंट होतं आणि बरोबर होता एकनाथ, गिरजाबाईच्या मयत नवऱ्याचा चुलतभाऊ. वाळूजला नोकरी, शहरात फ्लॅट. ही जमीन जुन्या तोंडी वाटणीत आपल्या वडिलांकडे आली होती, असा त्याने दावा टाकला होता. समोरून कुणी हजरच झालं नाही, म्हणून दावा एकतर्फी त्याच्या बाजूने लागला होता. आता जागा रिकामी करून त्याच्या हवाली करायची, एवढंच माझं काम.

बाई बाहेर आली. काळी, उंच, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"कसला कागद हाय?"

"कोर्टाचा. जमिनीचा निकाल लागलाय. जागा सोडावी लागेल."

"कुणी लावला निकाल?"

"कोर्टानं."

"माझ्याबिगर?"

मी नेहमीच्या सुरात सांगितलं, की तुम्हाला समन्स होतं, तारखेला तुम्ही आला नाहीत.

"कुणाच्या हातात दिलं?"

"घरी कुणी नव्हतं. दारावर चिकटवलं."

"कव्हा?"

"जानेवारीत."

तिने आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जानेवारीत ह्या दाराला कोण असतंय? आमी दसरा झाला की मेंढरं घेऊन निघतो ते मिरगाला येतो. आख्ख्या गावाला ठाव हाय. ह्यो एकनाथ तर आमच्यात वाढला. ह्येला नाय ठाव?"

एकनाथ मोबाइल काढून त्यात काहीतरी बघायला लागला. दावा कधी टाकायचा हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

माझ्या समन्सचं काय झालं असेल ते मला तिथेच उमगलं. मी डिंक वापरत नसे, तो उन्हात सुटतो. घरून गव्हाच्या पिठाची खळ डबीत भरून नेई. आणि खळ लावलेला कागद गावातली कुठलीही शेळी सोडत नाही.

मी वॉरंट वाचून दाखवायला लागलो. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मुलाला हाक मारली, "रामा, वाडा खोल." दीडशे मेंढरं बाहेर आली, जमिनीवर पसरली आणि बघता बघता खाली बसली. तीही त्यांच्या मधोमध उकिडवी बसली. "घ्या कब्जा," म्हणाली.

बरोबर आणलेले दोन पंच, एकनाथ आणि मी अशा चौघांनी हुर्र हुर्र करून पाहिलं. एक मेंढरू उठलं की दुसरं त्याच्या जागी बसे. शेवटी मी अहवालात लिहिलं: 'जागेवर अंदाजे दीडशे मेंढ्या बसल्या असून त्या उठत नसल्याने कब्जा घेता आला नाही.' आमच्या नाझरसाहेबांनी, म्हणजे बेलिफांच्या वरिष्ठांनी, तो अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला. आता पोलीस बंदोबस्त मागवावा लागणार होता, आणि बंदोबस्त म्हणजे महिना-दीड महिन्याची निश्चिंती.

त्या दिवशी निघताना तिने मला विचारलं होतं, "हे कागद जिथनं निघत्यात तिथं कसं जायचं?"

मला तिची कीव आली. मी म्हणालो, "कशाला त्या भानगडीत पडता? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"एकनाथ शहाणाच हाय की," ती म्हणाली. "तो कसा चढला?"

मी बसचा रस्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी ती गेटवर हजर. तिथे पहिलं भांडण झालं ते काठीवरून. काठी आत नेता येणार नाही, असं पोलिसाने सांगितलं. ती म्हणाली, "वकिलाच्या हातातली छत्री चालती, मही काठी का नाय चालत?" पोलीस चांगला होता, त्याने समजावलं. तिने काठी दिली, पण ती कुठे ठेवतो हे बघितल्याशिवाय आत गेली नाही. पुढे पुढे त्याने आपल्या खुर्चीमागचा कोपराच तिच्या काठीला देऊन टाकला.

आत आल्यावर तिने जे केलं ते सव्वीस वर्षांत मी कुणाला करताना पाहिलं नाही. कोर्टात आलेला खेड्यातला माणूस पहिल्या काळ्या कोटामागे जातो, नाहीतर जिन्यात बसून राहतो. ही तळमजल्याच्या एका टोकाला गेली आणि तिथून एकेक दार घेत निघाली. प्रत्येक दारात उभी राहून एकच प्रश्न: "इथं काय मिळतंय?"

दाव्यांच्या दाखल खिडकीवरचा कारकून म्हणाला, "इथं काही मिळत नाही मावशी, इथं द्यावं लागतं." नकलेच्या खिडकीवर कळलं, की तिच्या जमिनीचा जो निकाल लागला त्याची शिक्क्याची नक्कल इथे अर्ज केला की मिळते. संगणकाच्या खोलीत कळलं, की नाव सांगितलं तर आपल्या खटल्याची तारीख दिसते. नाझर शाखेत मीच बसलो होतो. मी म्हणालो, "इथून समन्स, नोटिसा, वॉरंट निघतात." ती म्हणाली, "हां. म्हंजी इखाची बाटली हीच." आणि पुढे गेली.

दुसऱ्या मजल्यावर विधी सेवेच्या, म्हणजे फुकट कायदेशीर मदतीच्या कचेरीच्या, दारात तुळशीची कुंडी होती. तिथे तिला कळलं, की बाईमाणसाला वकील सरकारातून मिळतो, त्याची फी नसते. हे माझ्या मावसबहिणीलाही ठाऊक नव्हतं, आणि मी तिचा भाऊ जन्मभर कोर्टात होतो.

दुपारी ती आवारातल्या लिंबाखाली भाकरी खात बसली होती. मी सहज विचारलं, हे काय चालवलंय.

"नव्या रानात मेंढरं घालायच्या आधी म्होरक्यानं एकट्यानं फिरून यावं लागतंय. पाणी कुठं, काटा कुठं, कुत्री कुठं, बाहेर पडायची वाट कुठं."

"मग? काय काय दिसलं?"

"पाणी दुसऱ्या मजल्यावर. काटा समद्या दारांत. बाहेर पडायची वाट तेवढी नाय दिसली आजून."

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण नकलेच्या खिडकीचा एक गज वाकलेला आहे, विधी सेवेच्या दारात तुळस आहे, आपल्या न्यायाधीशांच्या हॉलबाहेरच्या बाकाची एक फळी निघालेली आहे, अशा खुणांनी तिने अख्खी इमारत महिन्याभरात पाठ केली. कागदही तसेच. कुठल्यावर गोल शिक्का, कुठल्यावर चहाचा डाग, कुठला तीन घड्यांचा, यावरून ती पिशवीतला नेमका कागद काढून देई. तारीख मिळाली की कँटीनच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन कुणालातरी तिथी विचारून घेई. "चौदा-पंधरा माझ्या डोक्यात ऱ्हात नाय. नवमी ऱ्हाती."

निकालाची नक्कल आठ दिवसांनी मिळेल असं खिडकीवर सांगितलं होतं. एकतर्फी निकाल रद्द करून मागायचा, तर तो कळल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. तिने दिवस मोजले असावेत. ती रोज येऊन त्या खिडकीसमोर भिंतीला टेकून बसायला लागली. भांडली नाही, विनवण्या केल्या नाहीत, नुसती कारकुनाकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी त्याने नक्कल काढून दिली. नंतर तो मला म्हणाला, "बुवा, त्या बाईसमोर मला डबा खाता येईना."

तिच्या वाट्याला आलेली वकील होती नसरीन. सिल्लोडची पोरगी, चार-पाच वर्षांची वकिली. बोलायला फटकळ आणि कामाला चोख. अर्ज मुदतीत दाखल झाला, कब्जा वॉरंटला स्थगिती मिळाली. मग नसरीनने मुद्द्याला हात घातला. समन्स चिकटवलं त्या दिवशी बाई घरी नव्हती, हे सिद्ध करायचं होतं.

"आक्का, साहब को सबूत होना. त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"तिथी सांग."

नसरीनने मोबाइलवर पंचांग काढलं. पौषातली षष्ठी. गिरजाबाईने डोळे मिटले आणि संक्रांतीपासून एकेक मुक्काम चालत निघाली. आज अमक्याच्या हरभऱ्याच्या कडेला, उद्या तमक्याच्या पडीक रानात, तिथे पाणी खारं होतं, तिथे कुत्रं लंगडं झालं. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, त्यामुळे रोज नवं शेत असतं आणि रोजचा एक मालक असतो. मी कामानिमित्त त्या खोलीत उभा होतो. ती बोटांवर मोजत नव्हती, पायांनी मोजत असावी, कारण तिची बसल्या जागी पावलं हलत होती.

"षष्ठीला पैठणच्या अलीकडं, सखाहरीच्या तुरीच्या रानात. काळी व्याली त्या दिशी. जुळं झालं. एक पांढरं, एक काळं."

दोन दिवसांनी ती एसटीने पैठणकडे गेली, शेवटचे सहा-सात मैल चालली आणि सखाहरीला गाठलं. सखाहरी म्हणजे साधा शेतकरी, त्याचा या भानगडीशी काय संबंध? पण तो आला. बरोबर नातीचा मोबाइलही आणला, कारण नातीने त्या दिवशी नुकत्या जन्मलेल्या कोकराला कुशीत घेऊन फोटो काढला होता आणि फोटोवर दिवस-वेळ सगळं होतं. नसरीन खुर्चीतून उठून उभीच राहिली.

एकनाथाचा वकील मात्र पोचलेला होता. त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, "साहेब, यात कोकरू आहे, मुलगी आहे. बाई कुठे आहे?" आणि खरोखरच नव्हती. फोटोच्या कोपऱ्यात बांगड्या घातलेला एक हात तेवढा होता. "आणि बाई तिकडे असली तरी घरचं दुसरं कुणी इकडे नव्हतं कशावरून? बेलिफचा अहवाल बघा, सगळं रीतसर आहे."

माझा अहवाल असा होता: 'प्रतिवादी घरी मिळून आली नाही. शेजाऱ्यांनी समन्स घेण्यास नकार दिला. सबब समन्स घराच्या दर्शनी भागावर चिकटवून बजावणी केली.'

आता खरं काय झालं होतं ते लिहितो. एकनाथ मला आपल्या मोटारसायकलवर घर दाखवायला घेऊन गेला होता. दाराला बाभळीची आडवी फांदी लावलेली होती, वाड्यात लेंड्या वाळून पांढऱ्या पडल्या होत्या. शेजारचा म्हातारा म्हशीला पाणी दाखवत होता. तो म्हणाला, "समदे मेंढरामागं गेल्यात, आता मिरगालाच येत्याल." मी मान हलवली. माझ्या पिशवीत अजून नऊ कागद होते. समन्स चिकटवलं आणि रात्री घरी बसून नेहमीचं वाक्य लिहिलं. पैसे खाल्ले नाहीत, कुणाचं वाईट चिंतलं नाही. ते वाक्य मी चोवीस वर्षं लिहीत होतो आणि माझ्या आधीच्या माणसाकडून शिकलो होतो. म्हातारा काय बोलला हे लिहिलं असतं, तर कोर्टाने बहुधा बजावणी मान्य केली नसती, आणि मला पुन्हा हेलपाटा पडला असता. एवढंच कारण.

गिरजाबाई लिंबाखाली मला म्हणाली, "भाऊ, त्या दिशी गावात तुमाला कुणी भेटलं हुतं का?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

"बरं. घाई नाय. मेंढरू हरवलं की मी रानभर हिंडत नसते. जिथं हरवलं तिथंच येऊन बसते. येतंय ते."

आणि ती खरंच येऊन बसायला लागली. दर तारखेला आपलं काम झालं की नाझर शाखेच्या दारासमोर, भिंतीला टेकून, उकिडवी. विचारायची काही नाही. एकदा माझा तोल गेला. "मावशी, उठा इथून. ही बसायची जागा नाही."

"मावशी?" ती म्हणाली. "डोस्कं बघ की रं तुझं, महापेक्षा पांढरं हाय. आक्का म्हन लई तर."

शाखेतले सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या दिवसापासून आक्का म्हणायला लागलो. बसणं मात्र तिने सोडलं नाही.

तोवर तिला कोर्टातले लोक ओळखायला लागले होते. चौकशी खिडकीवर रांग असली की गावाकडची माणसं सरळ तिच्याकडे जात. एकदा सिल्लोडकडचे एक म्हातारे चाचा वारसाच्या दाखल्यासाठी तासभर नकलेच्या रांगेत उभे होते. तिने त्यांच्या हातातला कागद बघितला. वाचता येत नव्हताच, पण त्यावर शिक्का नाही हे तिला दिसलं. "चाचा, शिक्का नाय म्हंजी तुमचं आजून दाखलच झालं नाय. ही लाइन झालेल्यांची. चला तिकडं." त्यांना दाखल खिडकीपर्यंत पोचवून ती परत येऊन माझ्या दारात बसली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

शेवटी नसरीनने अर्ज दिला, की बेलिफला साक्षीला बोलवावं. कोर्टाने माझ्या नावाचं समन्स काढलं. आयुष्यभर दुसऱ्यांना समन्स दिली, आता माझाच सहकारी माझ्या टेबलापाशी माझं समन्स घेऊन उभा. गिरजाबाई दारातून म्हणाली, "दारावर नका चिकटवू. हातात द्या त्येंच्या."

पुन्हा सगळे हसले. या वेळी मला हसता आलं नाही. मला लाज वाटली. मी सही करून समन्स हातात घेतलं.

एक सहकारी भल्यासाठीच म्हणाला, "अहवालावर ठाम राहा. बाकी आठवत नाही म्हणा. दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?" सल्ला व्यवहारी होता. मी पुंडलिकनगरच्या घरी आठ दिवस तोच सल्ला घोळवत होतो. बायको म्हणाली, "तुम्हाला आठवतंय ना? मग आठवत नाही म्हणायला कुठून शिकणार आता, या वयात?"

साक्षीच्या पिंजऱ्यात मी उभा राहिलो तेव्हा गिरजाबाई हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून होती. बाकावर ती कधीच बसत नसे. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. नसरीनने इकडचं तिकडचं काही न विचारता सरळ हात घातला.

"शेजाऱ्यांनी समन्स घ्यायला नकार दिला, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही त्यांना समन्स देऊ केलं होतं का?"

"नाही."

"ते काही बोलले का?"

"हो. घरची सगळी माणसं मेंढरं घेऊन गेलीत, मृगाला येतील, असं म्हणाले."

एकनाथाचा वकील उठला, पण न्यायाधीशांनी त्याला हाताने थांबवलं आणि मला स्वतः विचारलं, "मग हे अहवालात का लिहिलं नाही?"

मी घरून मोठं उत्तर तयार करून आणलं होतं. कामाचा ताण, कागदांची संख्या, उन्हातले हेलपाटे. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. "सवय, साहेब," एवढंच म्हणालो.

एकतर्फी निकाल रद्द झाला. दावा पुन्हा पहिल्यापासून चालणार होता, आणि या वेळी गिरजाबाईचं म्हणणं ऐकूनच त्याचा फैसला होणार होता. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी अजून जपून ठेवली आहे, कारण माझ्या नोकरीतला तेवढाच एक कागद पूर्ण खरा आहे.

आभार वगैरे मानायला ती आली नाही. लिंबाखाली भेटली तेव्हा म्हणाली, "हेच आधी लिव्हलं असतं तर मह्या इतक्या एसट्या वाचल्या असत्या की, भाऊ." आणि पदरातली अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. मी खाल्ली.

दसरा जवळ आला. नसरीनने तिला सांगितलं, की प्रत्येक तारखेला तुम्ही यायलाच पाहिजे असं नाही, मी आहे. गिरजाबाई ऐकेना. "एकडाव नव्हते तर फैसला झाला. आता कुणी कायबी सांगू दे, मी इथून हालत नाय."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मी त्याच बाजूला एक नोटीस द्यायला गेलो होतो. परतताना फाट्यावर बसची वाट बघत होतो, तर त्यांचा कळप रस्त्याला लागलेला दिसला. पुढे रामा, मागे घोड्यावर भांडीकुंडी, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, झोळीतून डोकी काढलेली कोकरं, सून, नातवंडं. गिरजाबाई त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली आणि थांबली. म्होरकी मेंढी चार पावलं गेली आणि वळून हिच्याकडे यायला लागली. हिने मातीचं ढेकूळ उचलून तिच्या पुढ्यात मारलं. "जा म्हनते ना! व्हय म्होरं!" मेंढी गेली. कळप वळणाआड होईपर्यंत ती उभी होती. त्या दिवशी तिची तारीख होती. बस आली, आम्ही दोघं चढलो.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच मागे राहिली होती. हर्सूलपर्यंत ती मागच्या काचेतून रस्ता बघत होती. मग म्हणाली, "छपराखाली झोप लागंल का नाय कुणास ठाव. मेंढरं रातभर रवंथ करत्यात, त्या आवाजाची सवय हाय." माझ्या एका ओळीने या बाईला तिच्या माणसांपासून तोडलं, हे मला त्या बसमध्ये जितकं झोंबलं तितकं पिंजऱ्यातही झोंबलं नव्हतं.

असे दोन हिवाळे तिने त्या दोन खोल्यांत काढले. मधे एकनाथाकडून तडजोडीचा निरोप आला होता: अर्धी जमीन तिला, अर्धी त्याला, लोकअदालतीत मिटवून टाकू. तिने विचारलं, "त्येची स्वतःची अर्धी कुठली देतोय तो?" आणि विषय संपला.

मी निवृत्त झालो. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी नसरीनचा फोन आला, की उद्या आक्काची उलटतपासणी आहे, येणार का? मी गेलो. दाव्याचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. एकनाथाला ती तोंडी वाटणी शाबीत करता आली नाही आणि त्याचा दावा फेटाळला गेला. जमीन गिरजाबाईकडे राहिली. पण निकालाच्या दिवशी मी तिथे नव्हतो. मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या उलटतपासणीच्या दिवशी.

मी मागच्या भिंतीपाशी उभा राहिलो, तिच्या नेहमीच्या जागी. ती पिंजऱ्यात गेली. घोंगडी खांद्यावर होती, काठी गेटवर. तिने शपथ घेतली. समोर संगणकावर टंकलेखक बसला होता, साक्षीच्या वर लिहायच्या चार गोष्टी तो विचारत होता आणि टाइप करत होता.

"नाव?"

"गिरजाबाई म्हाळू."

"वय?"

"साठाच्या वर धरा."

"धंदा?"

"मेंढरं."

चौथी गोष्ट त्याने विचारली नाही. 'राहणार' म्हणून गावाचं नाव कागदपत्रांत होतंच, ते तो टाइप करायला लागला. गिरजाबाईला वाचता येत नव्हतं, पण आपण गप्प असताना त्याची बोटं चालली आहेत हे तिने बघितलं.

"थांब, बाबा. मी कुठं बोलले आजून?"

टंकलेखकाने हात उचलले. न्यायाधीशांनी वर बघितलं.

"ह्येनं काय लिव्हलं?"

"तुमचा पत्ता," न्यायाधीश म्हणाले. "तुमच्या गावाचं नाव."

"ते चार महिन्याचं हाय, सायब. चार महिने तिथं. आठ महिने मेंढराच्या मागं, पैठणच्या अंगाला, रोज नव्या रानात. तसं लिव्हा."

एकनाथाचा वकील अर्धवट उठला. "साहेब, हा काही पत्ता होत नाही."

न्यायाधीशांनी त्याला बसायची खूण केली. मग टंकलेखकाला म्हणाले, "त्या सांगतात तसंच घ्या."

त्याने लिहिलेली ओळ पुसली आणि नव्याने टाइप करायला लागला. गिरजाबाई कठड्यावर दोन्ही हात रोवून त्याच्या बोटांकडे बघत राहिली. बोटं थांबली. मग ती वळली आणि एकनाथाच्या वकिलाला म्हणाली, "हां. आता इचारा काय इचारायचं ते."